सामान मांड, हात आवर

पोरी,

रविवारी सोसायटीतली मुलं गोळा करून काहीतरी करायचं तुझ्या मनात आहे आणि आत्यानं चार गोष्टी सांगाव्यात असं तुला वाटतं, हे वाचून फार बरं वाटलं. माझी सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गेली, पण मुलं मला खरी कळली ती सुट्टीत, वाईच्या आपल्या अंगणात. म्हणून जे सांगते ते अंगणातलं आहे. पहिला कानमंत्र आत्ताच देऊन टाकते, कारण बाकीचं सगळं त्याच्याच पोटातलं आहे. मुलाच्या हातातलं काम आपल्या हातात घ्यायचं नाही. सामान आपण जमवायचं, वेळ आपण राखायचा, धोका असेल तिथं जवळ उभं राहायचं. पण गाठ सुटत नसली, कागद वाकडा कापला जात असला, बुरूज ढासळत असला तरी ‘दे इकडे, मी करते’ हे चार शब्द तोंडातून जाऊ द्यायचे नाहीत.

ऐकायला सोपं आहे, पाळायला फार अवघड. आपल्याला येतं आणि समोरच्याला येत नाही, हे नुसतं बघत राहणं मोठ्या माणसाला सोसवत नाही. म्हणून शरीरालाच सवय लाव. मुलं कामात असली की हात पाठीमागे घे, एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धर आणि उभी राहा. मूल मान वर करून तुझ्याकडे बघेल. लगेच बोलू नकोस. बहुतेक वेळा ते पुन्हा खाली बघतं आणि दुसरं काहीतरी करून पाहतं. त्या दोन क्षणांसाठीच तर आपला सगळा खटाटोप असतो. मदत मागितलीच तर विचार, ‘कुठं अडलंय, दाखव बरं.’ अडलेल्या जागेवर मुलानं नेमकं बोट ठेवलं की निम्मं काम झालेलं असतं. मग हवी तर एक बाजू धरून ठेव. धरायचं, करायचं नाही.

आता सामान. दुकानातून तयार ‘क्राफ्ट किट’ आणू नकोस. काय बनवायचं ते त्यात आधीच ठरलेलं असतं, तुकडे मापात कापलेले असतात आणि खोक्यावर झालेल्या वस्तूचं चित्र असतं. मुलाला फक्त त्या चित्रापर्यंत पोचायचं उरतं. त्यापेक्षा एक पत्र्याची पेटी घे आणि घराघरांतून मागून भर. पुठ्ठ्याची खोकी, रद्दी, सुतळी, चिंध्या, सुटी बटणं, दोऱ्याची रिकामी रिळं, बाटल्यांची झाकणं, करवंट्या, मोडक्या छत्रीच्या काड्या, बंद पडलेल्या स्पीकरमधलं चुंबक. मागायला मुलांनाच पाठव. शिंप्याकडे जाऊन ‘काका, चिंध्या देता का’ असं विचारणं हाही एक धडाच आहे, आणि तो वर्गात बसून मिळत नाही. चिकटवायला खळ घरीच शिजव. मैदा थंड पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या आणि मंद आचेवर तकाकी येईपर्यंत ढवळत राहायचं. जुने बाइंडर खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायचे. तू मुळीच घालू नकोस. मोरचूद विषारी असतो आणि लहान मुलांची बोटं तोंडात जातातच. थोडी थोडी शिजव आणि दोन दिवसांत संपव.

हत्यारं मात्र खरी दे. बोथट कात्री धारदार कात्रीपेक्षा जास्त धोक्याची असते. ती कापत नाही म्हणून मूल जोर लावतं आणि ती घसरते. हलकी हातोडी, बारीक दात्यांची छोटी करवत, एक पक्कड एवढं पुरे. खिळा बोटांत धरण्याऐवजी पुठ्ठ्याच्या पट्टीत टोचायचा आणि पट्टी धरायची, म्हणजे चुकलेला घाव बोटावर बसत नाही. हत्यार दुसऱ्याला देताना मूठ त्याच्याकडे करायची. काम झालं की मोजून पेटीत. हे तीन नियम पहिल्या दिवशी सांग आणि त्यांत कुणालाही सूट देऊ नकोस. चौथा नियम करू नकोस.

सुरुवात कशानं करू म्हणशील, तर काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांनी. ही कल्पना अरविंद गुप्तांची. आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर होऊन पुण्यात टेल्कोत लागलेला हा माणूस १९७८ मध्ये वर्षभराची रजा काढून मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात गेला. खेड्यातल्या मुलांनी स्वतः प्रयोग करत विज्ञान शिकावं असा एक कार्यक्रम तिथल्या शाळांमध्ये १९७२ पासून चालू होता. तिथं साध्या बाजारात मिळणाऱ्या वस्तूंशी खेळता खेळता त्यांना काड्या आणि ट्यूब यांची जोडी सापडली. पुढे पुण्यात आयुकाच्या आवारातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं काम केलं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं आणि खेळण्यांचे व्हिडिओ इंटरनेटवर फुकट आहेत, त्यांतले बरेच मराठीतही आहेत. ते तू बघ. मुलांना आधी दाखवू नकोस.

काड्यांचं गूल तू घरीच खरवडून टाक. व्हॉल्व्ह ट्यूब म्हणजे सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी, सायकलच्या दुकानात मिळते. तिचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे कर. तुकड्यात दोन्ही बाजूंनी एकेक काडी घुसवली की सांधा झाला, आणि तो हवा तसा वाकतो. तिसरी काडी जोडायची तर तुकड्याला मधोमध बाभळीच्या काट्यानं भोक पाडायचं. एवढं दाखव आणि मागं हो. थोड्या वेळानं कुणीतरी चौकोन करेल, कुणीतरी त्रिकोण. चौकोन बोटानं दाबला की तिरपा होतो, त्रिकोण मात्र हलत नाही. हे मुलांच्या लक्षात यायला कधी पाच मिनिटं लागतात, कधी पुढचा रविवार उजाडतो. उजाडू दे. ‘असं का होतं’ हेही विचारू नकोस, ‘का’ विचारलं की मुलं पाठ केलेली उत्तरं शोधायला लागतात. मी एवढंच विचारायची, ‘हा चौकोन ताठ उभा करता येईल का गं?’ मग कुणी जाड ट्यूब मागतं, कुणी दोन काड्या एकत्र बांधतं, आणि शेवटी एखादी पोर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी काडी घालते. काडी आखूड पडते, कारण कर्ण बाजूपेक्षा लांब असतो. तो शोधही तिचा तिलाच लागू दे.

मग एखाद्या दिवशी सगळ्यांना घेऊन बाहेर पड आणि पत्र्याच्या कुठल्याही शेडखाली उभं करून वर बघायला सांग. छताची कैची दिसेल. सगळे त्रिकोण. सायकलची फ्रेम बघा, विजेचा मनोरा बघा, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा घोडा बघा. तुझ्याकडे गाडी आहे, एखाद्या सुट्टीत शिरूर तालुक्यातल्या पाबळला जाऊन या. डॉ. श्रीनाथ कलबागांनी मुंबईतली संशोधनाची मोठी नोकरी सोडून १९८३ मध्ये तिथं विज्ञान आश्रम काढला. शाळेत न रमलेली खेड्यातली मुलं तिथं वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजजोडणी अशी खरी कामं करत करत शिकतात, आणि त्या कामांतूनच गणित आणि विज्ञान त्यांच्याजवळ येतं. लोखंडी त्रिकोण जोडून उभारलेले तिथले घुमट पाबळच्या नावानंच ओळखले जातात. काडीचा त्रिकोण स्वतः दाबून बघितलेलं मूल त्या घुमटाखाली उभं राहिलं की त्याला काही समजावून सांगावं लागत नाही.

पण माझ्या मते आपल्याकडच्या मुलांची सगळ्यात मोठी शाळा म्हणजे दिवाळीतला किल्ला. तू यंदा ऑक्टोबरमध्ये दुसरं काही नाही केलंस तरी चालेल, किल्ला मात्र करू दे. आजकाल प्लास्टर ऑफ पॅरिसचा तयार किल्ला बाजारात मिळतो, तो आणून जिन्याखाली ठेवतात, त्यावर मावळे मांडतात आणि दिव्यांची माळ सोडतात. सोसायटीतले काही जण तेच सुचवतील, घाण होत नाही म्हणून. ठाम राहा. माती अंगावर घेतल्याशिवाय किल्ला होत नाही. पार्किंगचा एक कोपरा मागून घे, खाली जाड प्लास्टिक अंथर आणि दिवाळीनंतर जागा धुऊन द्यायचं कबूल कर. धुवायचं मुलांनीच.

दिवाळीच्या आधी, पाऊस ओसरला की, मुलांना खऱ्या किल्ल्यावर ने. तुम्हाला सिंहगड जवळ. वर जाऊन भजी-पिठलं खाऊन परत येऊ नका. एकच प्रश्न घेऊन जा: तुम्ही शत्रू असाल तर कुठून शिराल? मग मुलं पुणे दरवाज्याचे एकामागे एक तीन दरवाजे वेगळ्या नजरेनं बघतात. एक फोडला की झालं असं नाही, पुढे अजून दोन आहेत, आणि तोवर वरून मारा चालूच. देवटाक्यापाशी थांबा आणि विचार, एवढ्या उंचावर पाणी आलं कुठून? डोंगरी किल्ल्यांवर खडकात टाकी खोदायची आणि निघालेला दगड तटाला वापरायचा, ही रीत मुलांना तिथं दगडाला हात लावून कळते. पुढे कधी रायगडला गेलात तर महादरवाजा समोरून दिसतो का ते बघायला सांग. दिसत नाही. दोन बुरुजांच्या आड वळण घेतल्यावरच तो समोर येतो, म्हणजे हत्तीनं धडक द्यायला सरळ धाव घ्यायची सोयच ठेवलेली नाही. हे जिनं पाहिलंय ती मुलगी घरच्या किल्ल्यात दरवाजा कधीच समोर ठेवत नाही.

मग बांधकाम. विटा, दगड, जुन्या कुंड्या यांचा ढीग रचायचा, त्यावर ओल्या मातीत बुडवलेलं गोणपाट पसरायचं, वर पुन्हा मातीचा लेप. गोणपाट का, हे मुलं पहिल्या दिवशी समजून घेत नाहीत. कुणीतरी नुसत्या चिखलाचा कडा करतं, तो सकाळपर्यंत तडकतो किंवा खाली बसतो, आणि मग पोरं आपण होऊन पोती शोधायला पळतात. भुयार खणताना वरचा भाग खचतो. कुणी आत बाटली घालतं, कुणी पुठ्ठ्याची नळी. मोठ्या मुलांना जलदुर्ग करायचा असतो. २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत सिंधुदुर्ग आहे, विजयदुर्ग आहे, त्यामुळे हल्ली ती हौस वाढली आहे. समुद्रासाठी ओतलेलं पाणी रात्रीतून जिरून जातं. पाणी कसं राखायचं यावर त्यांची भांडणं होतात, ती होऊ देत. भांडण मारामारीवर आलं तरच मध्ये पड.

मला या सगळ्यात जास्त आवडतं ते हळीव. किल्ला हिरवा दिसावा म्हणून पेरतात ना, ते. एका वर्षी आपल्या अंगणात निम्म्या मुलांनी मोहरी पेरली आणि निम्म्यांनी हळीव. संध्याकाळी पाणी शिंपडलं तर उतारावरची मोहरी घरंगळून खंदकात, आणि हळीव जागच्या जागी. माती तीच, पाणी तेच. एक सात-आठ वर्षांची मुलगी होती, फारसं बोलायची नाही. ती उठली, स्वयंपाकघरातून दोन वाट्या घेऊन आली, एकीत मोहरी आणि एकीत हळीव टाकून दोन्हींत पाणी घातलं आणि समोर बसून राहिली. मी दारात उभी, हात मागे. थोड्या वेळानं तिनं हळिवाच्या वाटीत बोट घातलं आणि वर काढलं, तर बोटाला बुळबुळीत दाणे चिकटून आलेले. ‘आत्या, ह्याला स्वतःचीच खळ आहे!’ बाळंतिणीला हळिवाचे लाडू आपण पिढ्यान् पिढ्या करतो, पण भिजल्यावर दाण्याभोवती येणारा हा चिकट थर त्याला कड्यावरसुद्धा धरून ठेवतो, हे आपल्या घरात पहिल्यांदा तिनं पाहिलं. दिवाळीच्या सहा-सात दिवस आधी पेरायला सांग, हळीव चटकन उगवतं आणि वसुबारसेपर्यंत किल्ला हिरवागार होतो. मोहरीसुद्धा पेटीत ठेव. दोन्ही असल्याशिवाय असा प्रश्न पडत नाही.

किल्ल्यांची स्पर्धा ठेवू नकोस. कुणीतरी येऊन म्हणेल, बक्षीस ठेवू, माझ्या दुकानातर्फे देतो. हात जोडून नाही म्हण. नंबर आला की मुलं परीक्षकाला काय आवडेल ते बांधायला लागतात, आणि पालकांचे हात किल्ल्याला लागतात ते वेगळंच. त्याऐवजी प्रत्येक मुलानं आपला किल्ला दुसऱ्या मुलांना हिंडून दाखवावा. ‘इथून शिरायचं, इथं अडकायचं, इथं पाणी.’ बघणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे. तू नुसतं ‘छान, छान’ म्हणू नकोस. नुसत्या ‘छान’वर बोलणं संपतं. ‘हा बुरूज पडला नाही, ते कसं जमवलंस?’ असं विचार, मूल दहा मिनिटं बोलेल.

हे सगळं मी शोधून काढलेलं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर गेल्या, आणि १९५७ मध्ये ते काम कोसबादच्या टेकडीवर हललं. माँटेसरीची साधनं महाग होती, खेड्यात मिळायचीही नाहीत. या बायकांनी शिंपले, बिया, गारगोट्या, काड्या, पानं यांच्यावर काम भागवलं. वारली मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरांमागे जायची आणि धाकटी भावंडं सांभाळायची. मग शाळाच कुरणात गेली. गुरं चरतायत, मुलं झाडाखाली मोजतायत, त्यांना कुरणशाळा म्हणायचे. धाकट्यांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली, ती विकासवाडी. मूल जिथं आहे तिथं आपण जायचं, हे मी त्यांच्याकडून घेतलं. अनुताईंचं ‘कोसबादच्या टेकडीवरून’ मिळालं तर जरूर वाच. तुझ्या सोसायटीतली मुलं गुरांमागे जात नाहीत, पण वॉचमनची मुलगी आणि धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा मुलगा धाकट्याला कडेवर घेऊन कठड्यापाशी उभे असतील. आधी त्यांना आत बोलव, धाकट्यासकट. ते कठड्यापाशी उभे असताना आत काही चालू राहिलं, तर मला ते मुळीच आवडणार नाही.

एक रविवार बाहेरच्या माणसासाठी ठेव. सायकल दुरुस्तीवाला, कुंभार, शिंपी, सुतार, जो जवळ असेल तो. सगळ्यांना एकदम सहलीला नेल्यासारखं नेऊ नकोस, चार-चार जणांनी जाऊन तासभर बसायचं. सायकलवाला ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्याच्या टबात फिरवतो, बुडबुडे कुठून येतात ते बघतो, तिथं खूण करतो, ती जागा घासून खरखरीत करतो, सोल्युशन लावतो आणि ते जरा सुकेपर्यंत थांबतो. मुलं नेहमी विचारतात, ओलं असतानाच का नाही चिकटवत? कारागिरालाच उत्तर देऊ दे. आणि निघताना त्याचे पैसे दे. त्याचा तासभर गेला आहे, मुलांनाही ते दिसायला हवं.

मे महिन्यात शाळा बंद असते, तेव्हा एक दिवस वहीत आत्ताच लिहून ठेव. पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावरून जातो आणि दुपारी उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात त्याला. आधी दोन-तीन दिवस गच्चीवर तयारी कर. एक सरळ नळी किंवा उभा डबा सपाट जागी ठेवा, बारा वाजल्यापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूनं खूण करा. सूर्याकडे मात्र कुणी बघायचं नाही, हे बजावून सांग. मुलांना वाटत असतं की बाराला सावली सगळ्यात लहान होणार. होते साडेबाराच्या सुमारास. आपलं घड्याळ प्रयागराजच्या जवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशाच्या रेखावृत्तावर चालतं आणि पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला आहे, हे भूगोलाच्या पुस्तकात लिहिलेलं असतंच, पण खडूच्या खुणा ते असं दाखवतात की विसरणं शक्य नाही.

मग फोन करायला लाव. कोल्हापूरच्या मावशीकडे हा दिवस ६-७ मेलाच होऊन गेलेला असतो, आमच्या वाईत तुमच्या दोनेक दिवस आधी, आणि नागपूरच्या काकांकडे २६ मेच्या आसपास यायचा असतो. दिल्लीच्या मित्राकडे कधीच येत नाही, तो कर्कवृत्ताच्या वर राहतो. मुलांनी या तारखा एका नकाशावर लिहिल्या की सूर्य उत्तरेकडे सरकताना त्यांना दिसतो. तो दिवस गेला की दुपारची सावली दक्षिणेला पडायला लागते, तीही बघा. जुलैअखेरीस सूर्य परत जाताना हीच गंमत पुन्हा होते, पण तेव्हा आपल्याकडे आभाळ असतं.

नाटकाबद्दल थोडंच सांगते. छापील संहिता देऊ नकोस. रत्नाकर मतकरींनी ‘मधुमंजिरी’पासून मुलांसाठी उत्तम नाटकं लिहिली, पण उतारवयात ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांना घेऊन त्यांनी वंचितांचा रंगमंच उभा केला, त्यात मुलं आपल्याच जगण्यातली नाटकं आपणच रचून करायची. मला हे दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. मुलांना एक प्रसंग दे, लिफ्ट बंद पडली आणि आत तिघे अडकले. बाकी त्यांचं ती बघतील. वाचनाचंही तसंच. ‘किशोर’ मासिक बालभारती १९७१ पासून काढते, जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला आहेत. एक गोष्ट तू मोठ्यानं वाच आणि रंगात आली की पुस्तक मिटून पेटीवर ठेव. पुढचं ज्याला हवंय तो घेऊन जाईल. आणि सुट्टीत सगळी पोरं घेऊन इकडेच या. पाचगणीजवळचं भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत, कुणाच्याही ओसरीवर बसून वाचत बसावं.

‘कंटाळा आला’ असं एखादं मूल म्हणेल. घाबरू नकोस आणि लगेच नवा खेळ काढू नकोस. ‘बरं, बस जरा’ म्हण. मोबाइल मात्र रविवारच्या त्या वेळात कुणाच्याच हातात नको, तुझ्याही. फोटो काढायचा मोह होईल. मुलं कामात असताना समोर कॅमेरा आला की ती काम सोडून कॅमेऱ्याकडे बघायला लागतात. शेवटी, सगळं आवरून झाल्यावर एक काढ.

पालक विचारतील, ‘आज काय शिकवलं?’ हा प्रश्न टाळता येणार नाही, आणि टाळूही नकोस. त्यांची काळजी खरी असते, पैसे आणि मार्क यांच्या ओझ्याखाली तेही दबलेले असतात. त्यांना शेवटची दहा मिनिटं बोलव आणि मुलालाच दाखवू दे. कपडे मळणार हे आधीच सांगून ठेव, जुने कपडे घालूनच पाठवा म्हणावं. एखादा बाप खाली बसून आपल्या पोराचा वाकडा पूल सरळ करायला जाईल. त्याच्या खांद्यावर हलकेच हात ठेव आणि त्याला पाणी आणायला पाठव. माझं हे नेहमी चालायचं.

दीड-दोन वर्षांनी पेटीची किल्ली मोठ्या मुलांकडे दे. बारा-तेरा वर्षांची झाली की त्यांना स्वतः खेळण्यापेक्षा लहानांना दाखवण्यात रस वाटायला लागतो. सामान काय संपलं, कुणाकडून काय मागायचं, पुढच्या रविवारी काय करायचं, हे त्यांनी ठरवावं. हात पाठीमागे ठेवायचं त्यांनाही शिकवावं लागेल, मोठी भावंडं फार लवकर ‘दे इकडे’ म्हणतात. करवत, गॅस आणि प्रथमोपचाराचा डबा एवढ्या तीन गोष्टी मात्र तुझ्याच ताब्यात राहू देत. डब्यात कापूस, पट्ट्या, जंतुनाशक आणि काटा काढायचा बारीक चिमटा आहे ना, ते दर महिन्याला बघत जा. बाभळीचे काटे वापरायचे म्हणजे चिमटा लागणारच.

तुझी,
आत्या